गोरं उतरवायचं राहून गेलं

आमच्या वस्तीतली माणसं दरवर्षी हौसेनं हरायची. दिवाळी आटोपली की आठ-पंधरा दिवसांतला एक रविवार धरायचा आणि नागपुरातल्या बर्डीच्या टेकडीवरची लढाई खेळायची. गोऱ्यांच्या पलटणीनं टेकडी धरून ठेवली, राजाच्या फौजेनं चाल केली, लहान टेकडी घेतली, मोठी राहिली आणि नागपूरचं राज्य गेलं, एवढाच तो इतिहास. आमचे लोक तो दीडशे वर्षांनी पुन्हा नव्यानं हरायचे आणि हरून झालं की पंगतीला बसून वांग्याची भाजी नि भात हाणायचे. खरी टेकडी लष्कराच्या ताब्यात, तिथं कोण उभं करतो? पण शहराबाहेर नंदनवनाकडे तेव्हा नुसता माळ होता, आणि त्या माळावर एका बंद पडलेल्या वीटभट्टीचे मातीचे दोन ढीग उरले होते. एक मोठा, एक लहान. आणखी काय पाहिजे!

हे खूळ आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचं. कोणी नाटक म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "नाटक नाही गा हे. झालं तसं करून पाहणं आहे." त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात कोण कुठून चढला, कुठं पडला, सगळं लिहिलेलं. एका वर्षी एका पहिलवानाच्या अंगातच आलं. तो मरायलाच तयार होईना. बांबूची तलवार फिरवत गडी मोठ्या ढिगावर चढला आणि गोऱ्यांचं निशाण उपटून खाली आला. लोकांनी टोप्या उडवल्या. मास्तर मात्र शिटी फुंकत मधे धावले. "खाली टाक ते! आपण हरलो आहोत, समजलं काय? चाला, पुन्हा सुरू करा!" साऱ्या फौजेनं पुन्हा खाली जाऊन पुन्हा चाल केली. पहिलवान या वेळी मेला, पण मरताना मास्तरांना शिव्या देत मेला.

राजाच्या फौजेत जायला सारे तयार. गिरणीतले, हातमागावरचे, सायकलच्या दुकानातले. गोरा व्हायला कोणी तयार नसायचं. पोट्टे ढेकळं मारायचे, बाया बोटं मोडायच्या. त्यातही गोऱ्यांचा साहेब होणं म्हणजे साऱ्या माळाच्या शिव्या एकट्यानं खाणं. तो साहेब माझे बाबा व्हायचे.

बाबा एका सरकारी कचेरीत चपराशी होते. उंच, ताठ, आणि डोळे घारे. हेच डोळे माझ्याही नशिबी आले. ते मूळचे भिवापूरकडचे, पोरवयात गावच्या दंडारीत नाचलेले, त्यामुळे तोंडाला रंग लावायची लाज नव्हती. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस साहेबापुढं उभं राहायचं आणि एक दिवस साहेब व्हायचं. एका बँडवाल्याकडून त्यांनी जुना लाल कोट मिळवला होता. पुठ्ठ्याची टोपी, तिला बुटाचं पॉलिश. तोंडाला आणि हातांना खोबरेल तेलात कालवलेला सफेदा. ते ढिगावर उभे राहिले की मलाही ओळखू यायचे नाहीत, इतका तो माणूस परका दिसायचा. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, "खरा साहेब रागावला न बाई, की आवाज चढवत नाही. खाली आणते." ते तसंच करायचे. हळूच काहीतरी बोलायचे, हात एवढासा हलवायचे, आणि पलटण गोळ्या झाडायची. फटाक्यांच्याच, पण झाडायची. मास्तर म्हणायचे, हा माणूस आहे म्हणून लढाई खरी वाटते.

आणि लढाई संपली की गोरं उतरवायचं.

ही रीत बायांची. पहिल्याच वर्षी एका गोऱ्याला त्याच्या म्हाताऱ्या आईनं दारात अडवलं होतं. "आपल्या माणसाइवर गोळ्या झाडून आला अन् तसाच घरात घुसून राहिला काय रे?" तिनं तिथंच त्याचं तोंड धुतलं, तोंडात गुळाचा खडा दिला आणि मग आत घेतलं. तेव्हापासून ठरूनच गेलं. गोऱ्यानं स्वतःचं तोंड स्वतः धुवायचं नाही. रंग घेऊन आपल्या दारात जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि विचारायचं, "मी कोण वं?" घरच्या बाईनं म्हणायचं, "आमचे." मग कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, गूळ द्यायचा, आणि माणूस घरात. तोपर्यंत त्याला कोणी भाऊ म्हणायचं नाही, काका म्हणायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही. लढाईत आम्हा बायकांना कोणी घेत नव्हतं. पण माणूस परत घरात घ्यायचा की नाही, हे आमच्या हातात होतं.

माझी आई लाजाळू. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, बाबांशी चारचौघांत बोलणंसुद्धा नाही. पण त्या एका संध्याकाळी अख्खी गल्ली बघत असताना ती त्यांच्या गालावरून ओला हात फिरवायची. कानामागचा रंग निघत नसला की पदराच्या टोकानं घासायची. बाबा डोळे मिटून उभे राहायचे. बाया चिडवायच्या, "अवं, किती धुतं? सालटं काढतं काय बिचाऱ्याचं?" आई लाल व्हायची, पण हात थांबवायची नाही. "मी कोण वं?" असं बाबा फार हळू विचारायचे. आईचं "आमचे" तर मलाही नीट ऐकू यायचं नाही, आणि मी तर तिच्या मागंच लोटा धरून उभी असायची.

मी बारा वर्षांची असताना श्रावणात आईला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला. पंधरा दिवसांत आई गेली.

मी बोलणंच सोडलं. शेजारच्या काकूशी हो-नाही करायची, शाळेत विचारलं तर उत्तर द्यायची, पण बाबांशी एक शब्द नाही. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. ते जगले आणि आई मेली, याचाच राग असेल. बारा वर्षांच्या पोरीला आणखी कुठं राग काढता येतो? ते कचेरीतून आले की मी ताट वाढून समोर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. ते म्हणायचे, "मीठ जरा कमी आहे न बाई?" मी मीठ आणून ठेवायची. बोलायची नाही. असे तीन महिने.

दिवाळी आम्ही केली नाही. यंदा बाबा साहेब होणार नाहीत, हे साऱ्यांनी धरलंच होतं. मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. बाबाच त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "करतो मी."

मला हे कळलं ते त्यांना आरशासमोर पाहिल्यावर. लाल कोट अंगात, हनुवटी वर, आणि ओठांतल्या ओठांत साहेबाचं बोलणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची राखसुद्धा थंड झाली नाही आणि या माणसाला कोट सुचतो! त्यात शाळेत एक पोरगी माझ्या मागंच लागली होती. "घारी, घारी! गोऱ्याची पोरगी! तुह्या बापापायीच आपण दरवर्षी हारतो." एरवी मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. त्या वर्षी मात्र मला तिचं खरं वाटलं.

काकूनं आदल्या दिवशी मला जवळ बसवलं. "या वर्षी गोरं तुलेच उतरवावं लागते वं, पोरी. आता घरची बाई तूच. पाणी कोमट ठेवजो. अन् त्यानं विचारलं का 'आमचे बाबा' म्हणजो. एवढंच. म्हणशील न?"

मी मान हलवली.

लढाईला मी गेलेच नाही. घरी बसून माळावरचे फटाके ऐकत राहिले. मग आरडाओरडा झाला, मग शिटी. हरले एकदाचे. मी चुलीवर पाणी ठेवलं. खरंच ठेवलं होतं. गुळाचा खडासुद्धा वाटीत काढला. मग गल्लीत पावलं वाजली, पोरांचा गलका जवळ आला, आणि मी उठून दाराला आतून कडी घातली.

दारावर थाप पडली.

"मी कोण वं?"

मी लोटा हातात धरून उभी. बाहेर लोक हसत होते. त्यांना वाटलं, पोरगी लाडात आली.

"मी कोण वं, बाई?"

आता हसणं कमी झालं. मी फटीतून पाहिलं. पांढरंफटक तोंड, त्यात ते घारे डोळे, आणि घामानं गळ्यापाशी रंग ओघळलेला. आईनं पदरानं घासलेला तो कान. मला एकदम वाटलं, हा माणूस आईच्या जागी मला उभी करून राहिला. झालं तसं पुन्हा करून राहिला, मास्तरांच्या वहीसारखं. आई नाही तर नाही, पोरगी आहे.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज साहेबासारखा खाली आला होता. "सांग न वं बाई. मी कोण?"

"साहेब," मी आतून ओरडले. "तुम्ही साहेब आहात. इथं तुमचं कोणी नाही."

तीन महिन्यांनी बापाशी बोलले ते हे. जीभ झडली कशी नाही माझी!

मग काकूचा आवाज आला, "लहान आहे भाऊजी, समजत नाही तिले. या, मी धुऊन देतो. या न." काकू गावाकडची, बोलताना 'देतो, करतो'च म्हणायची. बाबा म्हणाले, "नाही वयनी. घरच्याच हातचं असते ते."

ते ओट्यावर बसले. लोक एकेक करून पंगतीला निघून गेले. घरात दिवा लावायची वेळ झाली, मी लावला नाही. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटलं. मग गल्लीच्या टोकाच्या सरकारी नळाचा आवाज आला. कार्तिकातला गारठा, आणि नळ बराच वेळ चालू. गोऱ्यानं स्वतःचं तोंड स्वतः धुतलं असं आमच्या वस्तीत त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी कडी काढून ठेवली आणि गोधडीत शिरले. ते आले. केसांतून पाणी गळत होतं, दात वाजत होते, आणि कानामागं पांढरं तसंच राहिलं होतं. तिथला रंग स्वतःच्या हातानं निघत नाही. कोट काढून त्यांनी घडी घातली आणि पेटीत ठेवला. खिचडी टाकली. ताट माझ्याजवळ सरकवून म्हणाले, "जेवून घे, बाई." रागाचा एक शब्द नाही. दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडून मोकळी झाले असते.

पुढच्या वर्षी मास्तर आले, हात जोडले. बाबा म्हणाले, "आता नाही जमत गा मास्तर. गुडघे दुखते." गुडघे ठणठणीत होते. साहेब म्हणून एका किराणावाल्याला उभं केलं. तो ढिगावर चढतानाच दोनदा घसरला आणि ओरडून हुकूम द्यायला लागला. सारा माळ हसला. मेलेलेसुद्धा पडल्या पडल्या हसत होते. मास्तर वही मिटून घरी गेले. त्याच्या पुढच्या वर्षी माणसंच जमली नाहीत. मग माळावर खुंट्या ठोकल्या गेल्या, प्लॉट पडले, दोन्ही ढीग रस्त्याच्या भरावात गेले. लोक अजून म्हणतात, प्लॉट पडले म्हणून लढाई बंद झाली. म्हणू द्या. मला माहीत आहे कशानं झाली ती.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. मीठ कमी, पाणी आलं, फी भरली, असं सगळं. एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी उमरेडला गेले, हातमागवाल्यांच्या घरात. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.नं यायचे. पिशवीत संत्री, पोरांसाठी गोळ्या. माझ्या पोराला खांद्यावर घेऊन फिरायचे. दारात मात्र नेहमी थांबायचे. दार सताड उघडं असलं तरी बाहेर थांबून खाकरायचे आणि "या न बाबा" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. सासूबाईंना वाटायचं, लेकीच्या घरचा संकोच. मी काही बोलायची नाही. शंभर वेळा मनात आलं, पाय धरावे आणि म्हणावं, चुकलं. पण राग नाकावर आणि माफी घशात, असला माझा स्वभाव. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू, करत पंधरा वर्षं घालवली.

मग एका थंडीत निरोप आला. बाबांची उजवी बाजू गेली. मी मिळेल त्या बसनं निघाले. घरी पोचले तेव्हा ते खाटेवर पडलेले, तोंड वाकडं, बोलणं जड. शुद्ध होती. मला ओळखलं, डावा हात उचलला. काकू उशाशी बसली होती. तीही आता थकली होती.

स्वयंपाकघरात चहा टाकताना मी काकूला म्हटलं, "काकू, त्या वर्षी ते साहेब व्हायला काहून गेले हो? आई जाऊन तीनच महिने झाले होते. मला तेव्हा लय राग आला होता."

काकूनं हातातली कपबशी खाली ठेवली. "तुले माहीत नाही? अवं, त्याले कुठं जायाचं होतं! माह्याजवळ येऊन रडला तो आधी. म्हणे, वयनी, पोरगी बोलून नाही राहिली माह्याशी. तिची माय गेल्यापासून एक शब्द नाही. साहेब झालो तर दारात तिले बोलावंच लागंल न? 'आमचे बाबा' म्हणावंच लागंल. तोंडाले हात लावावाच लागंल. एवढ्यासाठी गेला तो बाई. नाहीतर त्या कोटाकडं पाहवत नव्हतं त्याच्यानं."

चहा उतू गेला. मी बघत उभी राहिले. ते आईला विसरले असं समजून मी ज्यांना दाराबाहेर ठेवलं, ते माझ्याच तोंडून एक शब्द ऐकायला पांढरं तोंड घेऊन, ढेकळं खाऊन, साऱ्या वस्तीच्या शिव्या अंगावर घेऊन त्या दारात आले होते. तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा!

मी पाणी तापवलं. कोमट केलं, बोट घालून पाहिलं. डब्यातून गुळाचा खडा काढला. बैल गेला अन् झोपा केला, मला कळत होतं. तरी खाटेजवळ बसले आणि ओल्या हातानं त्यांचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, मग कानामागं. बाबांनी डोळे मिटले. आईपुढं मिटायचे तसेच. मला वाटलं, आता विचारतील.

"विचारा न बाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "काय?"

"ते. दारात विचारायचे ते. मी पाणी आणलं आहे. गूळपण आहे. विचारा न."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत राग नव्हता. मग जड जिभेनं एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी धुतलं न वं... तेव्हाच. नळावर." डावा हात गालाला लावला. "पाणी लय थंडं होतं, बाई."

मी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात ठेवला. तो विरघळला आणि तोंडाच्या मेलेल्या बाजूनं ओघळून उशीवर आला. "आमचे बाबा," मी म्हटलं. "आमचे बाबा. आमचे बाबा." इतक्या मोठ्यानं म्हटलं, की काकू आतून धावत आली. पण त्यांनी विचारलंच नव्हतं, तर मी कोणाला उत्तर देत होते?

त्यानंतर अकरा दिवस होते ते. मी रोज सकाळी पाणी कोमट केलं, तोंड पुसलं, गुळाचा खडा हातात घेऊन खाटेशी बसले. ते माझ्याकडे पाहायचे, डाव्या हातानं माझं मनगट धरायचे, पोरांची चौकशी करायचे. त्यांनी विचारलं नाही.